मामांना फ्लॅशमध्ये दिसायचं

इथले अनुभव मी बरीच वर्षं वाचतोय, लिहिलं मात्र कधी नाही. कारण सरळ आहे — माझा यातल्या कशावरही विश्वास नव्हता. जालन्यातल्या एका कॉलेजच्या भौतिकशास्त्र प्रयोगशाळेत मी सत्तावीस वर्षं सहायक होतो. भिंगं पुसायची, प्रयोग मांडून द्यायचे, पोरांनी फोडलेल्या काचांची नोंद करायची... कुणी भुताखेताचं सांगायला लागलं की मी इतके प्रश्न विचारायचो की तो माणूस अर्ध्यातच उठून जायचा. माझी बायको वनिता म्हणायची, "तुमच्यापुढं माणसानं काही बोलूच नये."

आता मीच सांगायला बसलोय. घाबरवणारं यात काही नाही, आधीच सांगतो. आमच्या घरातली गोष्ट आहे.

सन २००२. माझी सासुरवाडी जाफराबादच्या पुढे, पूर्णा नदीच्या काठाला. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. जालन्याहून एसटीनं जाफराबाद, तिथून जीपमध्ये पाय ठेवायला मिळेल तसं बसून गाव. शेती मेहुण्याकडे होती. सासरे — वनिता त्यांना दादा म्हणायची, मी मामा — तेव्हा सत्तरीचे. उंच, हडकुळे, आणि बोलायला एकदम गोड. सासूबाई चार वर्षांपूर्वी गेलेल्या. त्या गेल्यावर मामांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढत गेला. माझी गोष्ट सुरू होते तेव्हा त्यांना दिवस आहे की रात्र एवढं कळायचं. समोर धरलेली बोटं मोजता यायची नाहीत. भाकरी ताटात कुठे आहे ते हातानं चाचपून बघायचे.

ऑपरेशन करा म्हणून वनिता दोन वर्षं मागे लागली होती. मामा ऐकायचे नाहीत. खर्चाचा प्रश्नच नव्हता. त्यांना भीती वाटायची.

"डोळ्यापाशी चाकू आला ना पाव्हणं, तर तिथंच जीव जाईन माझा," असं हसत हसत म्हणायचे, आणि विषय तिथंच संपायचा.

मला तेव्हा पक्ष्यांच्या फोटोंचा नाद लागला होता. फिल्मचा कॅमेरा आणि तीनशे एमएमची सेकंडहँड लेन्स. सुट्टी मिळाली की मी बदनापूरच्या माळावर नाहीतर सासुरवाडीला. गावाजवळ पूर्णेचा पलीकडचा काठ म्हणजे मातीची सरळ उभी दरड आहे. त्या दरडीतल्या एका कपारीत मोठ्या घुबडाची जोडी राहायची. शृंगी घुबड, डोक्यावर दोन शिंगांसारखी पिसं असतात ते. दिवसा ते आतल्या सावलीत बसायचं. दिवेलागणीला बाहेर यायचं, तोवर उजेड गेलेला.

मी पलीकडे जाऊन सुतळीनं अंतर मोजलं. आमच्या बसायच्या जागेपासून कपार एकशे दहा फूट. माझ्या फ्लॅशचा उजेड चाळीस फुटांच्या पुढे काही कामाचा राहायचा नाही. आणि जवळ जावं तर घुबड घरटं सोडणार. पिलांचे दिवस होते, ते पाप मला नको होतं.

कॉलेजच्या वाचनालयात एका परदेशी मासिकात मला फ्लॅश एक्स्टेंडर सापडला. साधी युक्ती आहे. फ्लॅशच्या पुढे वीतभर अंतरावर रेघारेघांचं, पातळ प्लॅस्टिकचं भिंग धरायचं. एरवी चहूकडे पसरून वाया जाणारा उजेड गोळा होतो आणि अरुंद झोत होऊन लांब जातो. लांबच्या लेन्सला तेवढाच झोत पुरतो. तसलं तयार यंत्र आपल्याकडे मिळणं शक्य नव्हतं. पण भिंग मी ओळखलं. पोथी वाचता यावी म्हणून मामांना आम्ही असंच एक पानाएवढं भिंग आणून दिलं होतं. ते आता कोनाड्यात धूळ खात पडलेलं.

मागायला मला लाज वाटली. वनितानं माझा बेत सांगितला असावा, मामांनीच उचलून हातात दिलं. "मला काय करायचंय आता याचं? कापा बिलकुल. पण एक काम करा माझं. त्या घुबडाचं तोंड दावा मला एकदा. लहानपणापासून आवाज ऐकून राह्यलो, तोंड म्हणून कधी पाह्यलं न्हाई."

मी संधी साधली. "फोटो काढतो मामा. पण बघायला डोळे लागतील. फोटो आला की ऑपरेशन."

त्यांनी माझ्या हातातलं भिंग एकदा चाचपलं. मग म्हणाले, "बराबर. ठरलं."

छत्रीच्या काड्या, फायलीचा पुठ्ठा आणि सायकलच्या ट्यूबचं रबर वापरून मी तो एक्स्टेंडर बनवला. पहिल्याच दुपारी तो अंगणात उन्हात ठेवून मी चहा प्यायला आत गेलो. भिंगच ते! त्यानं उन्हाचाही ठिपका गोळा केला आणि वाळत घातलेल्या मामांच्या धोतराला रुपयाएवढं भोक पडलं. वनिता चिडली, आणि मामा बाजेवर बसून खोकला येईस्तोवर हसले. "घुबडाला भाजू नका म्हंजे झालं," म्हणाले.

तेव्हापासून मी आलो की संध्याकाळी मामा माझ्याबरोबर नदीवर यायचे. माझ्या खांद्यावर हात ठेवून, तूरकाट्यांतल्या, म्हणजे तुरीच्या वाळक्या खुंटांतल्या वाटेनं. मी कॅमेरा तिपाईवर लावायचो, ते शेजारी घोंगडी टाकून बसायचे. बोलायचे नाहीत. फक्त घुबडानं हाक दिली की माझ्या गुडघ्यावर बोट टेकवायचे. आता येतंय.

फेब्रुवारीतली संध्याकाळ होती. अंधार व्हायच्या जरा आधी कपारीच्या तोंडाशी काहीतरी हललं. मी बटण दाबलं. झोत पलीकडे पडला आणि विझला.

इथे एक गोष्ट समजून घ्या. या कॅमेऱ्यात फोटो निघतो त्या क्षणी आतला आरसा वर जातो आणि फोटो काढणाऱ्याच्या डोळ्यापुढे अंधार होतो. म्हणजे फ्लॅश पडला तेव्हा समोर नेमकं काय होतं, ते मला दिसलंच नाही.

मामांनी माझा दंड धरला. घट्ट.

"पाव्हणं... तीन पिलं हायेत."

"काय?"

"तीन. दोन इकडं तोंड करून बसलेत, एक पाठमोरं. मोठीच्या पायात सरडा हाय, शेपूट खाली लोंबतंय. आन् तिचं डाव्या बाजूचं शिंग वाकलंय." माझा दंड त्यांनी सोडला नव्हता. "तोंड पाह्यलं मी. म्हाताऱ्या बाईवानी हाय हो अगदी."

मला वाटलं, मन आहे म्हाताऱ्याचं. इतकी वर्षं ऐकलेल्या गोष्टी, एकदम उजेड... मी हो हो म्हणालो. वनितालाही सांगितलं नाही.

दहा दिवसांनी जालन्याच्या स्टुडिओत रोल धुऊन मिळाला. काउंटरवरच भिंग लावून मी ती निगेटिव्ह पाहिली. तीन पिलं. त्यातलं एक पाठमोरं. पायात सरडा. डावं शिंग वाकलेलं. स्टुडिओवाल्यानं विचारलं, "साहेब, काही खराब झालं का?" मी काहीतरी उत्तर दिलं आणि बाहेर येऊन बराच वेळ रस्त्यावर तसाच उभा राहिलो.

मी काही लगेच मानणारा नाही. पिकलेल्या मोतीबिंदूतूनही झगझगीत उजेड आत जातो. कदाचित एखाद्या फटीतून क्षणभर खरंच दिसलं असेल, असं मी स्वतःला समजावलं. एकशे दहा फुटांवरचा सरडा कसा दिसला, हा प्रश्न मी स्वतःला विचारला नाही.

पुढच्या शनिवारी आम्ही दोघं गेलो तेव्हा मामांना ताप होता. ते बाजेवर पडून होते, घराच्या आतल्या खोलीत. घर ते नदी पायी अर्धा तास, मध्ये टेकाड. मी एकटाच नदीवर गेलो. अंधार पडता पडता घुबडं बाहेर आली, मी फोटो काढले आणि परतलो.

दारातच वनिता उभी होती. तिचा चेहरा बघून मला वाटलं, मामांचं काही बरंवाईट झालं.

"अहो, दादा तिकडं भिंतीकडं तोंड करून पडलेत आन् मधूनच बोलून राह्यले... आता उजेड पाडला, आता पिलानं पंख पसरले, आता हलले पाव्हणे. आठ येळा बोलले. मी मोजलं."

आकडा चुकला म्हणून मला सुटल्यासारखं वाटलं. "सातच काढले मी. सात."

आतून मामांचा आवाज आला, तापानं जड झालेला. "आठ. पहिल्यांदा तुम्ही तुमच्या चपलेवरच पाडला उजेड. अंगठा तुटलाय तुमचा डाव्या पायाचा. नवी घ्या."

वनितानं माझ्या पायाकडे पाहिलं. मीही पाहिलं. फ्लॅश चार्ज झाला का बघायला मी सुरुवातीला तो एकदा नुसता खाली धरून उडवला होता, आणि विसरून गेलो होतो. चपलेचा अंगठा नदीवर जातानाच वाटेत तूरकाटीत अडकून तुटला होता.

मी त्यांच्या बाजेवर जाऊन बसलो. विचारलं, "मामा, दिसतं म्हणजे कसं दिसतं?"

"कसं म्हंजे? तुम्ही पाहून राह्यल्यावानी."

"पण मला तर त्या वेळी काहीच दिसत नसतं. समोर अंधार होतो." मी त्यांना आरशाचं समजावून सांगितलं.

त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग माझा हात थोपटला. "मंग तुमच्या वाटचं माझ्याकडं येत असंन."

इतकं साधं, जसं काही ताकाचा तांब्या शेजारच्या घरी गेला असावा.

त्या रोलमध्ये सात फोटो निघाले. तिसऱ्यात पिलाचे पंख पसरलेले. पाचवा हललेला.

आता खरी अडचण सुरू झाली. मामा ऑपरेशनला साफ नाही म्हणायला लागले. फोटो तर आला होता, पण त्यांचं म्हणणं, "मला दिसून राह्यलं की. कशाला चाकू?" ते आता आठवडाभर माझी वाट बघायचे. शनिवार आला की सकाळपासून आंघोळ करून तयार. सात-आठ वेळा क्षणभर दिसायचं, तेवढ्यावर त्यांचा पुढचा आठवडा निघायचा.

जालन्याच्या डॉक्टरांना आम्ही आधीच विचारलं होतं. ते म्हणाले होते, आणखी थांबलात तर डोळ्यातला दाब वाढेल, मग ऑपरेशनचाही उपयोग नाही. नजर कायमची जाईल.

वनिता एका संध्याकाळी स्वयंपाकघरात माझ्याशी भांडली. आवाज दाबून, मामांना ऐकू जाऊ नये म्हणून. "तुमच्या त्या भिंगापायी दादा आंधळे होतील. कायमचे. मंग कितीबी उजेड पाडा तुम्ही."

तिचं बरोबर होतं. पुढच्या खेपेपासून मी कॅमेरा जालन्यालाच ठेवून यायला लागलो. मामांना सांगितलं, फ्लॅश बिघडलाय. त्यांना खोटं कळलं असणार, पण त्यांनी तसं दाखवलं नाही. संध्याकाळ झाली की ओसरीवर यायचे, नदीच्या बाजूला तोंड करून बसायचे, आणि मी शेजारी बसलो की म्हणायचे, "बिघडलाय का अजून? असू द्या. होतं असं." तीन शनिवार असे गेले. खरं सांगतो, त्या तीन आठवड्यांत माझी झोप जितकी बिघडली तितकी कधीच बिघडली नाही. त्यांच्याकडे जेवढं दिसणं उरलं होतं, तेवढं मी काढून घेतलं होतं.

चौथ्या वेळी मामांनी मला जवळ बोलावलं. वनिता बाहेर गेली होती.

"पाव्हणं, एक शेवटचं मागतो. घुबडाला आता तरास देऊ नका. कपारीच्या वरल्या अंगाला, पाण्यापाशी खडक हाय, तिथं बाभूळ हाय एक. म्हाईत हाय का?"

"हो."

"तिथं वनिताची माय धुणं धुवायची. लग्न होऊन आली तवापासून." त्यांनी नदीच्या बाजूला तोंड वळवलं. "तिथं उजेड पाडा. एकदाच. मी घरीच बसतो."

 मी फक्त म्हणालो, "पुढच्या शनिवारी कॅमेरा आणतो."

पुढच्या शनिवारी मी एकटा नदीवर गेलो. पात्रात पाण्याची बारीक धार होती. खडक, बाभूळ, समोर साठेक फूट. माझ्यासारखा माणूस तिथे तिपाई लावून रिकाम्या खडकावर फोकस करतोय... कुणी पाहिलं असतं तर काय म्हटलं असतं, कुणास ठाऊक. पण हसू येत नव्हतं. लेन्समधून मी बराच वेळ नुसता तो खडक बघत राहिलो. वर्षानुवर्षं कपडे आपटून त्याची एक कड गुळगुळीत झाली होती. सासूबाईंना मी कमीच ओळखत होतो. जेवायला वाढताना "अजून घ्या" एवढंच बोलायच्या. पण त्या संध्याकाळी मी मनातल्या मनात त्यांना म्हणालो — या हो, क्षणभर.

आणि बटण दाबलं.

मामांनी एकदाच सांगितलं होतं. पण फ्लॅश पुन्हा चार्ज झाल्याचा लाल दिवा लागला, आणि माझा हात काही मागे येईना. मी दुसऱ्यांदा बटण दाबलं.

घरी आलो तेव्हा मामा ओसरीवर बसले होते, वनिता त्यांच्या पायाशी. तिला त्यांनी सांगितलं असावं, कारण तिचे डोळे लाल होते. मी तिपाई भिंतीला टेकवली.

"दोनदा कशाला पाडला?" मामांनीच विचारलं.

"मला वाटलं... पहिल्यांदा आपल्याकडून चुकून राहून गेलं असेल."

मामांनी मान हलवली. "मलाबी तसंच वाटलं व्हतं."

मग म्हणाले, "जागा दिसली. बाभूळ दिसली. खडक कोरडा पडलाय. ती न्हाई दिसली. दोन्ही वक्ताला नीट पाह्यलं मी, सगळीकडं पाह्यलं. न्हाई."

वनिता रडायला लागली. मामांनी चाचपडत तिच्या डोक्यावर हात ठेवला. "रडू नको बये. न्हाई तर न्हाई. तू तर हायेस. तुझं तोंड पाह्यलं न्हाई मी दोन वर्षं." आणि माझ्याकडे वळून, "सकाळची एसटी किती वाजता हाय?"

जालन्यात त्यांचं ऑपरेशन झालं. आधी उजवा डोळा, महिन्या-दीड महिन्यानं डावा. डोळ्यापाशी चाकू आला तेव्हा काय वाटलं, असं विचारलं तर म्हणाले, "झोप लागली व्हती." पट्टी सोडली तेव्हा वनिता समोरच उभी होती. त्यांनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि ओरडले, "केस पांढरे झाले की गं तुझे! मला कुणी सांगितलं बी न्हाई!" पट्टी सोडणारी नर्ससुद्धा हसली.

आठवड्यानं मी घुबडाचा मोठा फोटो त्यांच्या हातात दिला. जवळ धरून, लांब धरून त्यांनी तो पाहिला. "हेच. हेच तोंड. पण तवा जास्ती साफ दिसलं व्हतं."

पुढच्या हिवाळ्यात मी एकदा त्यांना न सांगता नदीवर जाऊन फ्लॅश उडवला. परत आल्यावर विचारलं, काही दिसलं का? मामा शेंगा सोलत होते. "कुठं काय? कुठं गेल्ते तुम्ही?" त्यानंतर कधीच काही नाही. मात्र ते स्वतः माझ्याबरोबर नदीवर यायचे, दुर्बिणीतून घुबडं बघायचे, आणि मी मध्ये आलो की मला बाजूला व्हायला सांगायचे. अशी नऊ वर्षं त्यांनी पाहिलं. पोटभर पाहिलं.

मी या सगळ्याचा विचार पुष्कळ केला. तापात बडबडले म्हणावं, तर चप्पल? वनितानं सांगितलं म्हणावं, तर तिलाच माहीत नव्हतं. उजेड आकाशात दिसला म्हणावं, तर मध्ये टेकाड, आतली खोली, आणि भिंतीकडे वळलेला, जवळजवळ आंधळा माणूस. प्रयोगशाळेत मी हे कधी कुणाला सांगितलं नाही. काय सांगणार?

घुबडाचा फोटो मेहुण्याच्या घरात लावलेला आहे. खडकाचे दोन फोटो मात्र मामांनी स्वतःजवळ ठेवून घेतले होते. ते गेल्यावर वनितानं जालन्याला आणले. दोन्ही जवळपास सारखेच. खडक, बाभूळ, खाली पाण्याची रेघ. मी निवृत्त झालोय, वेळ असतो. कधीतरी दुपारी ते काढतो, खिडकीशी जाऊन बसतो आणि भिंग लावून कोपरान् कोपरा बघतो. आधी पहिला, मग दुसरा.

वनिता चहा घेऊन येते. विचारते, "काय शोधून राह्यले?"

मी म्हणतो, "काही नाही."

ती पण जरा वेळ शेजारी बसते.